दोनशे पदार्थांचं कार्ड आणि रिकामा गल्ला

वाचकाचं पत्र

नमस्कार. कुडाळजवळ मुंबई-गोवा महामार्गाला लागून आमचं फॅमिली रेस्टॉरंट आहे. सासूबाईंनी घरगुती खानावळ म्हणून ते सुरू केलं, तेव्हा मासे, कोंबडी-वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ एवढंच असायचं. पुढे दिरांनी पंजाबी वाढवलं, मग चायनीज, मग तंदूर. आज मेनूकार्ड चौदा पानांचं आहे आणि पदार्थ दोनशेच्या वर. सुट्टीच्या दिवशी बसायला जागा नसते, तरी महिनाअखेरीला हाती काही राहत नाही. ऑर्डर यायला चाळीस-चाळीस मिनिटं लागतात. बऱ्याच पदार्थांना वेटर ‘आज नाही’ म्हणून सांगतो. माशांपुढे ‘एपीएस’ (‘ॲज पर साइझ’, म्हणजे दर आकाराप्रमाणे) छापलंय, त्यावरून बिलाच्या वेळी वाद होतात. आता नवं कार्ड करायचंय. दीर म्हणतात, चांगला डिझायनर गाठू, मोठे फोटो टाकू, पण पदार्थ कमी केले तर गिऱ्हाईक तुटेल. काढायचीच तर सासूबाईंची उसळ काढू, कारण ती कोणी मागत नाही. मला हे पटत नाही, पण माझ्याकडे उत्तरही नाही. कार्ड कसं करावं? किती पदार्थ ठेवावेत? फोटो, क्यूआर कोड हवेत का? मागच्या महिन्याची विक्री, काही पदार्थांचा खर्च आणि कार्डाचा फोटो सोबत जोडतेय. आणि शेवटचं: मेनू कमी केला तर तंदूरवाला आणि चायनीजचा कुक यांचं काय करायचं? दोघे आमच्याकडे वर्षानुवर्षं आहेत.

— एक वाचक, कुडाळ परिसर

उत्तर

ताई,

पत्रासोबत हिशेब जोडलात हे फार चांगलं केलंत. मेनूकार्डाबद्दल विचारणारे बहुतेक जण नुसता कार्डाचा फोटो पाठवतात, तुम्ही विकलेल्या ताटांचे आकडेही पाठवलेत. त्यामुळे मला ठामपणे सांगता येतं की डिझायनरला अजून महिनाभर बोलावू नका. तुमचं कार्ड आधी स्वयंपाकघरात आणि केओटीच्या (वेटर स्वयंपाकघरात देतो त्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांच्या) गठ्ठ्यात ठरणार आहे. कागद, रंग आणि फोटो हे त्यानंतरचं. आणि उसळ काढायची नाही. का नाही, ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवतो.

१९८२ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ या दोघांनी मेनू तपासायची एक पद्धत मांडली. आजही हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत ती शिकवतात. पद्धत साधी आहे. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे: हा किती विकला जातो, आणि एक ताट विकल्यावर सामानाचा खर्च वजा जाता हातात किती रुपये राहतात? त्यातून चार गट पडतात. खपतो आणि पैसेही देतो, तो पहिला. खपतो पण पैसे कमी देतो, तो दुसरा. पैसे देतो पण खपत नाही, तो तिसरा. दोन्ही नाही, तो चौथा.

तुमच्या थाळ्यांचंच बघू. चिकन थाळी २५० रुपये, खर्च ११०, हातात १४०; महिन्यात गेल्या ४२०. सुरमई थाळी ४५० रुपये, खर्च २६०, हातात १९०, गेल्या २१०. बांगडा थाळी २२० रुपये, खर्च ८५, हातात १३५, गेल्या १५०. कोंबडी-वडे २८० रुपये, खर्च ११५, हातात १६५, गेले १६०. शाकाहारी थाळी १६० रुपये, खर्च ७०, हातात ९०, गेल्या २४०.

एकूण ताटं ११८०. पाच प्रकारांत सारखी वाटली तर प्रत्येकी २३६ येतात. कासावाना-स्मिथ यांचा नियम असा की या सरासरीच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त विकला जाणारा पदार्थ ‘खपणारा’ धरायचा. म्हणजे तुमची रेघ १६५ ताटांवर येते. आणि एका ताटामागे सरासरी हातात राहतात सुमारे १४१ रुपये.

आता बघा. सुरमई थाळी खपते आणि सगळ्यांत जास्त पैसेही देते. तुमच्या दिरांना कोणीतरी सांगितलं असेल की सामानाचा खर्च विक्रीच्या ३०-३५ टक्क्यांत बसला पाहिजे. हॉटेलधंद्यात हा ठोकताळा सर्रास वापरतात. त्या हिशेबाने सुरमई थाळी वाईट ठरते, कारण तिचा खर्च जवळजवळ ५८ टक्के आहे. पण नोकरांचा पगार आणि गॅसचं बिल टक्क्यांत देता येत नाही, रुपयांत द्यावं लागतं. १९० रुपये देणारं ताट टक्केवारीपायी कापू नका. टक्के बघायचे ते उधळपट्टी पकडायला: मागच्या महिन्यात ४४ टक्के असलेली चिकन थाळी या महिन्यात ५० वर गेली, तर कोंबडी महागली की वाढताना हात सुटला, हे शोधायचं.

चिकन थाळी तुमची सगळ्यांत मोठी गाडी ओढते, पण ताटामागे सरासरीपेक्षा किंचित कमी देते. तिची किंमत दहा रुपयांनी वाढवली तर ४२० ताटांवर महिन्याला ४,२०० रुपये येतात. महामार्गावर थांबलेलं कुटुंब दहा रुपयांसाठी उठून जात नाही. दहाच वाढवा, एकदम चाळीस नको. ही थाळी रोज जेवणारे ड्रायव्हर आणि आसपासचे दुकानदार तुमचे बारमाही गिऱ्हाईक आहेत, त्यांना ती परवडलीच पाहिजे.

बांगडा थाळी या तक्त्यात चौथ्या गटात पडते. पुस्तक म्हणेल काढा. मी म्हणतो ठेवा. माशांच्या जेवणात ती तुमची सगळ्यांत स्वस्त थाळी आहे, गावातला माणूस तीच मागतो, आणि बांगडा आणायला तुम्हाला वेगळी वाट वाकडी करावी लागत नाही. तक्ता मालकाला प्रश्न विचारायला शिकवतो, निर्णय मालकानेच घ्यायचा असतो.

कोंबडी-वडे १६० गेले, म्हणजे रेघेच्या जरासे खालीच, आणि ताटामागे १६५ रुपये देतात. तुमच्या जिल्ह्याची ओळख असलेला हा पदार्थ तुमच्याच कार्डात खाली का राहावा? तुम्ही पाठवलेल्या कार्डाच्या फोटोत उत्तर सापडलं. तो नवव्या पानावर आहे, ‘चिकन स्पेशल’मध्ये, बटर चिकन आणि चिकन हंडी यांच्या मधे. महामार्गावरचा माणूस नवव्या पानापर्यंत पोचत नाही. त्याच्या मागे दोन मुलं कुरकुरत असतात आणि पुढे गोव्यापर्यंत गाडी हाकायची असते.

आता उसळ. ती अकराव्या पानावर ‘ब्लॅक पीज मसाला’ या नावाने छापली आहे, पनीरच्या सोळा प्रकारांनंतर. महिन्यात वीस गेल्या. दीर म्हणतात कोणी मागत नाही. पण ती तिथे आहे हे किती जणांना कळलं असेल? दर १२०, खर्च ३० रुपये. काळे वाटाणे कोरडे साठवता येतात, नासत नाहीत. तिला लागणारं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण तुमच्या कोंबडीसाठी रोज होतंच. आणि वडे तर तळले जातातच. कोंबडी-वड्यांना शाकाहारी जोड कोणती, हे मालवणी घरात कोणाला सांगावं लागत नाही: काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, अख्खा श्रावण, एवढे दिवस तुमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना मासे-कोंबडी चालत नाही. त्या दिवशी तुम्ही त्यांना काय देता? पनीर बटर मसाला, जो त्यांना पुण्यात घराखाली मिळतो.

माझा सल्ला: ‘काळ्या वाटाण्याची उसळ-वडे थाळी’ करा. उसळ, चार वडे, एक सुकी भाजी, भात, सोलकढी, कांदा. २०० रुपये ठेवा. खर्च ६५ धरला तरी हातात १३५ राहतात. आज शाकाहारी थाळीत ९० राहतात. तुमच्या २४० शाकाहारी ताटांपैकी निम्मी जरी या थाळीकडे वळली, तर १२० ताटांवर ४५ रुपये जास्त, म्हणजे महिन्याला ५,४०० रुपये. साधी शाकाहारी थाळी मात्र काढू नका आणि तिची किंमतही वाढवू नका. आठ जणांच्या गाडीत एक शाकाहारी आजी असते, आणि तिला जेवायला मिळणार की नाही यावर आठही जणांचं थांबणं ठरतं.

हे झालं थाळ्यांचं. हेच तुम्हाला सगळ्या कार्डासाठी करायचंय. पुढच्या महिनाभराच्या केओटी फेकू नका. रोज रात्री हिशेब करताना प्रत्येक पदार्थापुढे रेघा मारा. बिलिंगच्या संगणकात ‘आयटमवाइज’ विक्री निघत असेल तर आणखी सोपं. मात्र मे, गणपती आणि नाताळची गर्दी वेगळी असते, तेव्हा एक साधा आणि एक गर्दीचा असे दोन महिने मिळाले तर उत्तम. खर्च काढताना मासा नीट धरा. आख्खी सुरमई किलोच्या भावाने घेता, पण डोकं, शेपूट, पोटातली घाण गेली की तुकड्या किती पडतात त्यावर खर्च काढायचा. कोलंबीचं तर डोकं-साल काढल्यावर साधारण निम्मंच वजन उरतं. सोलकढीलाही किंमत आहे. नारळाचे भाव बघताय ना? थाळीसोबत एक वाटी, पुढची वाटी अमुक रुपये, असं कार्डावर स्वच्छ लिहा. भात मात्र पोटभर द्या. कोकणातून उपाशी उठलेला माणूस परत येत नाही.

चायनीजचा हिशेब मी केला, तो दिरांना शांतपणे दाखवा. महिन्यात ३१० प्लेटा गेल्या, प्लेटमागे सरासरी ८५ रुपये राहतात, म्हणजे २६,३५० रुपये. त्यासाठी तुम्ही एक वेगळा कुक ठेवलाय, त्याचा पगार २०,००० आणि राहणं-जेवण तुमच्याकडे. वर मोठ्या ज्योतीच्या शेगडीचा गॅस, आणि सॉसच्या बाटल्या, बेबीकॉर्न, मशरूम जे आणून आठवड्यात टाकून द्यावं लागतं ते. गल्ल्यात जे राहतं ते जवळपास शून्य. पण सगळ्यांत मोठा खर्च या हिशेबात दिसतच नाही. तुमची चाळीस मिनिटं तिथे जातात. एका टेबलावर सुरमई थाळी, तंदुरी रोटी, पनीर आणि हक्का नूडल्स अशी ऑर्डर आली की ती चार वेगवेगळ्या जागी होते: तवा, भट्टी, ग्रेव्हीची शेगडी, चायनीजची शेगडी. सगळ्यांत हळू जागा जेवढा वेळ घेते तेवढा वेळ अख्खं टेबल थांबतं, आणि दारात उभं असलेलं कुटुंब पुढच्या हॉटेलात जातं. सुट्टीच्या दिवशी एक टेबल दुपारभरात तीनदा लागतं की चारदा, यावर तुमची कमाई ठरते. लांबलचक कार्ड तुमची टेबलं अडवून ठेवतंय.

मग किती पदार्थ? आकडा मी छातीठोक सांगणार नाही, कसोटी सांगतो. सासूबाईंना घेऊन बसा आणि विचारा, रोज सकाळी कुठली वाटणं तयार असतात. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं एक, माशांच्या आमटीसाठी ओल्या खोबऱ्याचं एक, हिरवं एक, आणि घरचा मालवणी मसाला. एवढ्यावर किती पदार्थ उभे राहतात ते मोजा: कोंबडीचा रस्सा आणि सुकं, मटण, अंडा करी, माशांची आमटी, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, कोलंबीचं सुकं, उसळ, हंगामात फणसाची भाजी. मग तव्यावरचं: सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील, मांदेली, कोलंबी. मग वडे, घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी, चपाती. माझ्या अंदाजाने हे सगळं चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास जातं, आणि त्यातला एकही पदार्थ असा नाही की ज्याच्यासाठी वेगळं सामान फ्रीजमध्ये पडून राहील. नव्या पदार्थासाठी नवं वाटण, नवी शेगडी किंवा नवा माणूस लागत असेल, तर त्याने कार्डावर यायला फार मोठं कारण द्यायला हवं.

पनीरचे सोळा प्रकार दोनावर आणा. मुलांसाठी नूडल्स आणि फ्राइड राइस ठेवा, हे तव्यावरचा माणूसही करतो. आणि एक गोष्ट जी तुमच्या दोनशे पदार्थांत कुठेच नाही: गरम वरण-भात-तूप. लहान मूल, पथ्यावरचा माणूस, प्रवासात पोट बिघडलेला माणूस, या सगळ्यांचं ते जेवण आहे. ‘तिखट नाही’ असं पुढे लिहून पहिल्याच पानावर ठेवा.

दिरांची भीती मात्र खोटी नाही. गिऱ्हाईक तुटेल का, याचं उत्तर वादाने मिळणार नाही, मोजून मिळेल. नव्या कार्डावरून पदार्थ काढा, पण पहिले दोन महिने कोणी मागितलाच आणि करणं शक्य असेल तर करून द्या, आणि वहीत नोंद ठेवा. दोन महिन्यांत ज्याची पंचवीस-तीस वेळा मागणी आली तो परत येईल, बाकीचे आपोआप सुटतील. घरात भांडणाऐवजी वही पुढे करता येते.

आता एपीएस. हा वाद तुम्ही एका दिवसात मिटवू शकता. ज्या माशाचा भाव रोज हलतो, त्याची किंमत कार्डावर छापायची नाही आणि ‘आकाराप्रमाणे’ असंही लिहायचं नाही. दारात, आत शिरताच दिसेल असा फळा लावा. रोज बाजारातून मासळी आली की त्यावर लिहा: पापलेट लहान इतके, मध्यम इतके, मोठं इतके, सुरमई तुकडी इतके, आज तिसऱ्या आहेत, आज खेकडे नाहीत. मोठा मासा असेल तर तळण्याआधी ताटलीत घालून टेबलावर नेऊन दाखवा आणि रक्कम तोंडाने सांगा. लोकांना महाग मासा खुपत नाही, जेवून झाल्यावर कळलेली किंमत खुपते. छापील कार्डावर माशांची किंमत फक्त स्थिर भावाच्या थाळ्यांना राहू द्या, आणि खाली एक ओळ: ‘आजची मासळी आणि दर फळ्यावर.’ फळ्यामुळे ‘आज नाही’ हे वाक्यही वेटरच्या तोंडून जवळजवळ जाईल. आणि सुरमईच्या नावाखाली दुसरा मासा कधीही नको. महामार्गावर तो प्रकार चालतो म्हणूनच सचोटीने वागणाऱ्या हॉटेलाचं नाव गाडीगाडीतून पुढे जातं.

याच कारणासाठी तुम्हाला वर्षाला एक नाही, दोन कार्डं लागतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ताजी मासळी कमी, भाव चढे, आणि लगेच पुढे श्रावण. या दिवसांत मे महिन्याचं कार्ड टेबलावर ठेवलं की वेटरला दिवसभर नकार द्यावे लागतात. पावसाळ्याचं वेगळं, एकाच पानाचं कार्ड करा: सुकट, सुके बोंबील, सुक्या बांगड्याचं किसमूर, कोंबडी-वडे, खाडीतले खेकडे मिळाले तर फळ्यावर, टाकळा, कुर्डू, फोडशी या भाज्या, अळंबी आली त्या दिवशी अळंबी, उसळ-वडे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पावसात कोकण बघायला येणाऱ्या माणसाला हे जेवण शहरात विकत मिळत नाही. तुमच्याकडे ते घरचंच आहे.

एवढं झालं की कागदाकडे या. दुमडलेला एक मोठा कागद, चार पानं, पुरे. पहिल्या पानावर थाळ्या, दुसऱ्यावर तवा आणि मासळी, तिसऱ्यावर कोंबडी-मटण आणि शाकाहारी, मागे वडे-घावणे, गोड, पेयं. उजव्या पानाच्या वरच्या भागात डोळा आधी जातो, तिथे महाग पदार्थ ठेवा, असं डिझायनर तुम्हाला सांगेल. सिबिल यांग या संशोधिकेने २०१२ मध्ये लोकांच्या डोळ्यांची हालचाल यंत्राने टिपून पाहिली, तेव्हा लोक मेनू पुस्तकासारखा डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचताना दिसले. त्या जादूच्या कोपऱ्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे: एरन दायान आणि माया बार-हिलेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, यादीच्या सुरुवातीला आणि शेवटी असलेले पदार्थ मधल्यांपेक्षा जास्त मागवले गेले. म्हणून थाळ्यांत कोंबडी-वडे सगळ्यांत वर, उसळ-वडे शेवटी, बाकीच्या मधे. चिकन थाळी मधे असली तरी जाणारच.

किमतींबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात, डॉलरचं चिन्ह न छापता नुसता आकडा लिहिला तेव्हा गिऱ्हाइकांनी जास्त खर्च केला असं दिसलं. तेव्हापासून किंमत लपवायच्या युक्त्यांना ऊत आलाय. तो प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाककला संस्थेच्या रेस्टॉरंटमध्ये झाला होता. तुमच्याकडे गाडीतून उतरणारा माणूस ‘इथे आपल्याला लुबाडणार तर नाहीत ना’ अशा धास्तीने कार्ड उघडतो. त्याला किंमत ठळक दिसू द्या. नावाच्या लगेच पुढे, त्याच आकाराच्या अक्षरात. किमतींचा वेगळा रकाना उजव्या कडेला करू नका, नाहीतर नजर पदार्थ सोडून आकड्यांवरूनच खाली घसरते, एवढंच पाळा. आणि कर किमतीत धरलाय की वेगळा, हे तळाशी लिहा. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, हे दिरांच्या कानावर घाला. सर्व्हिस चार्ज जबरदस्तीने लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरलं. तुम्ही तो लावतच नाही, ते तसंच राहू द्या.

नावं मराठीत, ठळक. खाली रोमन अक्षरांत तेच नाव आणि एक ओळ वर्णन, कारण त्याच रस्त्याने कर्नाटक, केरळचे लोकही जातात. वर्णनात ‘लज्जतदार’, ‘चविष्ट’ असले शब्द नकोत, पदार्थात काय आहे ते लिहा: ‘बांगडा, तिरफळ, कोकम, जाडसर, तिखट, भाकरीसोबत.’ ज्यात काजू, शेंगदाणे, कोलंबी-खेकडे आहेत तिथे खूण करा. अशा ॲलर्जीच्या खुणा करायचं बंधन मोठ्या साखळी हॉटेलांना आहे, तुम्हाला नाही, तरीही करा. अक्षर मोठं, पांढऱ्या कागदावर काळं. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं तर बरोबर.

फोटो एकच: कोंबडी-वड्यांच्या ताटाचा, तुमच्याच स्वयंपाकघरातल्या खऱ्या ताटाचा, दिवसाच्या उजेडात काढलेला. इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीच नको. ताट समोर आल्यावर तो खोटा ठरतो. क्यूआर कोड पार्सलवाल्यांसाठी दारावर लावा, पण टेबलावर कागदच असू द्या. जाड लॅमिनेशन करू नका. साध्या जाड कागदावर थोड्या प्रती छापा, म्हणजे कालवणाचा डाग पडला की बदलता येतील आणि नारळ महागला की किंमतही बदलता येईल. तीन महिन्यांनी एकदा खर्चाचा तक्ता पुन्हा मांडा.

आणि वेटर. गिऱ्हाईक कार्ड उघडायच्या आधीच विचारतं, ‘आज काय चांगलंय?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलांकडे रोज सकाळी तयार हवं. अकरा वाजता सगळ्यांना उभं करून फळा वाचून दाखवा, आजची उसळ आणि आजची आमटी प्रत्येकाला चाखायला द्या. ज्याने चाखलीय तो मुलगा नुसतं ‘छान आहे’ म्हणत नाही, ‘आज तिसऱ्या मोठ्या आल्यात, सुकं घ्या’ असं सांगतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की मेनू कमी केला तर तंदूरवाला आणि चायनीजचा कुक यांचं काय करायचं. हे दोघे तुमच्याकडे वर्षानुवर्षं आहेत असंही लिहिलंय. त्यांना कार्ड छापून आल्यावर कळता कामा नये. आजच सांगा, आणि सोबत काम सांगा. वडे आणि भाकरी मागणीप्रमाणे गरम द्यायची तर सुट्टीच्या दिवशी एक माणूस नुसता त्यालाच लागेल, आणि भट्टीवर वर्षं काढलेल्या माणसाला पिठाचा आणि आचेचा अंदाज असतो. चायनीजवाल्याचा हात जलद आहे, त्याला माशांच्या तव्यावर उभा करा. तिथे तुम्हाला आज एकच माणूस आहे आणि सगळी रांग त्याच्यामागेच लागते. शिकवायला सासूबाई आहेत. महिनाभर पगार तोच ठेवून दोघांना नव्या जागी काम करू द्या, मग केओटीवरची वेळ आणि टेबलावर ताट पोचल्याची वेळ रोज लिहून मला कळवा. चाळीस मिनिटांची किती झाली, ते बघून पुढचं ठरवू.